एक दिवस आधीचा ईस्टर

जुई आणि नील, परवा तुमच्या आईने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. बागेतल्या झुडपांखाली लपवलेली रंगीत अंडी तुम्ही टोपल्या घेऊन शोधत होतात आणि नीलने एक चॉकलेटचं अंडं कागदासकट तोंडात घातलं होतं. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून नीलने विचारलं, "आजी, तू लहान असताना अंडी कोण लपवायचं?" बाळा, आमच्याकडे अंडी कोंबड्याच लपवायच्या, कुंपणाच्या काटेरी झुडपात. ती शोधून आणायचं काम माझं आणि माझी चुलत बहीण लिली हिचं होतं. हाताला ओरखडे येत, आणि त्या कामाचा ईस्टरशी काही संबंध नव्हता. ईस्टरला आमच्याकडे मांडे असत. त्या मांड्यांची आणि एका चुकलेल्या घंटेची गोष्ट मी तुमच्यासाठी लिहून ठेवते आहे. आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी ही गोष्ट मला इंग्रजीत सांगता येत नाही. त्यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली की ती मला ओळखूच येत नाहीत. आई तुम्हांला वाचून दाखवील.

आमचं गाव फैजपूरपासून फार लांब नव्हतं. चहूकडे केळीच्या बागा आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. गावाच्या कडेला मिशनचं कंपाउंड होतं. त्यात एक दगडी चर्च, एक दवाखाना, एक शाळा आणि कडुनिंबांच्या सावलीत ओळीने बांधलेली कौलारू घरं होती. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, शाळेत मास्तर. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून होती. पुढे एकच लांब ओटा, मागे एकच अंगण आणि अंगणात एकच नळ. माझी आजी होती तोवर स्वयंपाकही एकच होता. आजी गेली, मग चुली दोन झाल्या, आणि चुली दोन होताना माझी आई आणि रिबेकाकाकू यांच्यात अबोला पडला.

अबोला म्हणजे काय, हे तुम्हांला समजावून सांगायला हवं. त्यात कोणी ओरडत नाही, कोणी दार आपटत नाही. दोन बायका एकाच नळावर पाणी भरतात, एकाच दोरीवर कपडे वाळत घालतात आणि एकमेकींशी शब्द बोलत नाहीत. सांगायचंच असेल तर मध्ये कुणाला तरी घालतात. आई मला म्हणायची, "लिलीला सांग, तिच्या आईला म्हणावं, दूध उतू जातंय." काकू तीन हातांवर उभी असायची आणि हे सगळं ऐकत असायची, तरी मी लिलीला सांगेपर्यंत आणि लिली तिला सांगेपर्यंत ती जागची हलायची नाही. दूध उतू जायचं. आम्ही दोघी शाळेत असलो म्हणजे आई कोंबडीशी बोलायची. "काय गं, लोकांची भांडी माझ्या बादलीत कशी येतात?" असं ती कोंबडीला मोठ्याने विचारी, आणि काकू दोरीवरच्या कपड्यांना सांगे, "बादलीवर कुणाचं नाव लिहिलंय का?" बाबा आणि काका मात्र रोज संध्याकाळी ओट्यावर एकच वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाटून वाचत आणि बायकांच्या भानगडीत आपण नाही, असा चेहरा करून बसत. आजीच्या कबरीला दरवर्षी दोनदा चुना लागे, एकदा आई लावून यायची आणि एकदा काकू. सबंध दफनभूमीत तेवढी पांढरी कबर दुसरी नव्हती.

भांडणाचं कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. कारण होतं आजीचं खापर. मांडे तव्यावर होत नाहीत. मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घालायचं, ते चांगलं तापवायचं आणि त्याच्यावर मांडा टाकायचा. मांड्याची कणीक पातळ असते, पुरण आत भरून तो गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा असतो. तो आधी तळहाताएवढा, मग मनगटापर्यंत आणि शेवटी कोपरापर्यंत पसरतो, आणि नेमक्या क्षणी तो खापरावर अलगद उतरवायचा असतो. हे काम एका बाईचं नाही. एकीने हातावर मांडा करायचा आणि दुसरीने खापराचा जाळ सांभाळायचा, भाजलेला मांडा उचलून घडी घालायची. आजीच्या वेळी हातावर मांडा आई करायची आणि जाळावर काकू असायची. आजी गेल्यावर वाटणीत खापर काकूने आपल्याकडे नेलं, तेही न विचारता. आई म्हणाली, "खापर नेऊन काय करणार? एक मांडा तरी कधी हातावर धरलाय का?" काकू म्हणाली, "आणि जाळ कुणी धरला इतकी वर्षं? हात आहेत तुमच्याकडे, आता बघा त्या हातांवरच भाजून." एवढंच. पण हे आजीच्या चुलीसमोर, आजी गेल्याच्या महिन्यात बोललं गेलं आणि दोघींनाही ते गिळता आलं नाही.

त्यानंतर तीन ईस्टर मांड्यांशिवाय गेले. आई तव्यावरच्या साध्या पोळ्या करी आणि काकू कणकेच्या तळलेल्या बट्ट्या. आमच्या ख्रिस्ती घरांत ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मटण-मासळी बंद असे. गोडधोडही नसे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आम्ही नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या घेऊन गावातून मिरवणूक काढायचो आणि घरी येऊन वरणभात खायचो. त्यामुळे ईस्टरच्या जेवणाकडे आम्हां मुलांचे डोळे लागलेले असत. काळ्या मसाल्याचं मटण दोन्ही घरांत होई, पण मटण दोन्ही घरांत झालं तरी ते दोन घरांत झालेलं मटण असतं, आणि ते मुलांना चवीवरून कळतं.

आता आमच्या चर्चच्या मंडळीची एक रीत सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, तीन तासांच्या उपासनेनंतर चर्चच्या घंटेचा दोर वर गुंडाळून बांधून टाकत. ईस्टरच्या पहाटेपर्यंत घंटा वाजत नसे. पहाटे, अजून अंधार असताना, ती पहिल्यांदा वाजे आणि सगळं कंपाउंड उठे. दाराबाहेर पाऊल टाकलं की जे माणूस पहिलं समोर येईल त्याला म्हणायचं, "ख्रिस्त उठला आहे!" त्याने उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे!" आणि हात हातात घ्यायचा. समोर कोण आहे हे बघायचं नाही. वैरी असला तरी उत्तर द्यावंच लागे, ते अडवून धरायची परवानगी कुणालाच नव्हती. या रीतीने आमच्या कंपाउंडमधली कितीतरी भांडणं मिटली होती. म्हणूनच अबोला धरलेली माणसं त्या पहाटे फार जपून घराबाहेर पडत. तीन वर्षं आई मागच्या दाराने अंगणातून निघे आणि काकू पुढच्या ओट्यावरून. दोघींना हे एकमेकींचं ठाऊक होतं, त्यामुळे चुकून गाठ पडण्याची भीतीच नव्हती.

चौथ्या वर्षी काकांची धुळ्याच्या शाळेत बदली झाली. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, ते सगळे एसटीने धुळ्याला जाणार होते. ट्रंका भरून झाल्या होत्या. भांड्यांची पोती शिवून ओट्यावर मांडली होती. लिली आणि मी मागच्या अंगणात नळाच्या कट्ट्यावर बसून हिशोब केला की आता काय होणार. दोघी जावा न बोलता निघाल्या तर पुढे कोण कुणाला सुटीत बोलावणार? धुळं आज मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे. तेव्हा आम्हांला ते परदेशासारखं वाटे. लिली म्हणाली, "रविवारी पहाटे त्या दोघी बोलल्या तर बोलल्या. नाहीतर आपलं संपलं." आम्ही दोघी तेरा वर्षांच्या होतो. त्या वयात संपलं म्हणजे खरंच संपलेलं असतं.

घंटा वाजवणारे आबा हे आमच्या कंपाउंडचे माळी आणि राखणदार. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून तरुणपणी आले आणि चर्चच्या मागच्या खोलीत राहिले. त्यांना घड्याळ कळत नव्हतं आणि त्याची गरजही पडली नव्हती. तारे बघून ते बरोबर वेळेला उठत. त्या वर्षी उत्तम शुक्रवारी ऊन फार होतं. आबांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तीन तासांची उपासना झाली, आबांनी घंटेचा दोर बांधला आणि खोलीत जाऊन अंग टाकलं. जाग आली तेव्हा बाहेर उजाडल्यासारखं दिसत होतं. खरं म्हणजे दिवस मावळत होता. आबांना वाटलं, शनिवारची सकाळ झाली. त्यांनी तोंड धुतलं, चर्चचं अंगण झाडलं, कुंड्यांना पाणी घातलं. तेवढ्यात अंधार पडला. चर्चमध्ये उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या, त्यांना आबा म्हणाले, "आज दिन भलताच ल्हाना व्हता, बाई." बाईंना वाटलं, उपासाने बोलताहेत. त्या म्हणाल्या, "हो आबा, आता जेवून घ्या." आबा जेवले आणि झोपले. पहाटे शुक्राचा तारा दिसला तेव्हा त्यांच्या हिशोबाने रविवार उजाडत होता. त्यांनी दोर सोडला आणि घंटा वाजवली.

तुम्ही म्हणाल, बाकीच्यांना कसं कळलं नाही? नाही कळलं. घंटा वाजली म्हणजे ईस्टर, हे आमच्या हाडात होतं. झोपेतून उठताना कोण वार मोजतं? बाबा "उशीर झाला, उशीर झाला" म्हणत कंदील शोधत होते. शेजारी कुणीतरी गाणं सुरू केलं, कुणाची तरी झांज वाजली. आईचे केस मोकळे होते, पातळ कालचंच होतं. कंदील तिच्याच हातात होता, पण पेटवायला वेळ नव्हता आणि मागे काळोख होता, म्हणून मागचं दार सोडून ती तशीच पुढच्या ओट्यावर धावली. मी तिच्या मागे. आणि पलीकडच्या दारातून काकू पदर सावरत बाहेर आली, ती सरळ आईच्या अंगावर.

काकूच्या तोंडून शब्द आपोआप गेले. "ख्रिस्त उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" आई म्हणाली आणि तिने काकूचा हात धरला.

तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्या दोघींचे आवाज एकमेकींना लागलेले ऐकले. अंधारात त्यांचे चेहरे दिसत नव्हते. पण हात सुटले नव्हते, हे मला दिसत होतं. लिली दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून दोन्ही मुठी छातीशी दाबल्या.

तेवढ्यात पाळकसाहेबांच्या घराकडून आरडाओरडा ऐकू आला. साहेब पांढरा झगा अर्धा अंगात घालून चर्चच्या पायऱ्यांवर पोचले होते आणि त्यांच्या पत्नी हातात पातेलं घेऊन त्यांच्या मागे धावत होत्या. "अहो, थांबा! मनुका अजून भिजताहेत! आज शनिवार आहे!" प्रभुभोजनाच्या पेल्यासाठी त्या काळ्या मनुका शुक्रवारी भिजत घालत आणि शनिवारी उकळून त्यांचा रस काढत. मनुका भिजताहेत म्हणजे शनिवार, याच्यावर वाद घालायला जागाच नव्हती. सगळ्या कंपाउंडात हशा उसळला. झांजवाल्याने झांज काखेत मारली. आमच्या ओट्यावर मात्र कोणी हसलं नाही. आईने हात सोडला. काकूने पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

"चुकून झालं," काकू खांबाकडे बघून म्हणाली.

"मग राहू दे," आई हातातल्या कंदिलाला म्हणाली. कंदील पेटवलेलाही नव्हता.

त्या शनिवारसारखा लांब दिवस माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा आला. पलीकडची शांताबाई दोनदा ओट्यावर येऊन म्हणून गेली, "चुकून का होईना, आमचे कान तृप्त झाले गं बाई!" आईने तिला बसायलाही सांगितलं नाही. लिली आणि मी दुपारी पाळकसाहेबांकडे गेलो. ते स्वयंपाकघरात मनुकांच्या पातेल्यात डाव फिरवत उभे होते, घामाने डबडबलेले. आम्ही विचारलं, "साहेब, ख्रिस्त कबरेत असताना कुणी ईस्टरचा सलाम केला, तर तो धरायचा की नाही?" त्यांना कुणाविषयी विचारतोय ते लगेच कळलं. त्यांनी डाव पातेल्याच्या काठावर निथळला. "पोरींनो," ते म्हणाले, "हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ज्यांनी केला त्यांनाच विचारा. आणि जाताना दार लोटा, माशा येताहेत."

बिचाऱ्या आबांचे तर हाल झाले. येईल त्याला ते विचारत होते, "आज कोनता वार शे?" लोक सांगत, "शनिवार, आबा." "पक्का शनवार शे ना?" संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्ख्या कंपाउंडकडून शनिवार पक्का करून घेतला. आईने त्यांना भाकरी आणि वांग्याचं भरीत पाठवलं, मी घेऊन गेले तर तिथे आधीच काकूकडून आलेली भाकरी झाकून ठेवलेली होती. आबा म्हणाले, "मन्हंच चुकनं, पोरी. बठ्ठासनी झोप मी मोडी." बठ्ठासनी म्हणजे सगळ्यांची. मी म्हटलं, "आबा, तुमच्यामुळे आई आणि काकू बोलल्या." म्हाताऱ्याने हात धुतले. मग म्हणाला, "मंग जेवस मी," आणि त्याने दोन्ही भाकऱ्या पुढे ओढल्या.

रविवारी पहाटे आबा दोराला हात लावेनात. "माले कॅलेंडर दखाडा, मंग दोर सोडसू," असं म्हणून ते अडून बसले. पाळकसाहेबांना भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून न्यावं लागलं. बॅटरीच्या उजेडात त्यांनी लाल आकड्यावर बोट ठेवलं तेव्हा कुठे घंटा वाजली. मी जागीच होते. आईसुद्धा जागी होती. तिने नवं पांढरं पातळ नेसलं होतं, केस घट्ट बांधले होते. मी मागच्या दाराशी चपला घालायला गेले तर ती म्हणाली, "तिकडे कुठे? पुढून चल." आणि ती पुढच्या ओट्यावर जाऊन खांबाला टेकून उभी राहिली, अगदी काकूच्या दारासमोर.

दार उघडलं नाही. कंपाउंडभर "उठला आहे, उठला आहे" चाललं होतं. बाबा आणि काका अंगणात एकमेकांना मिठी मारून पुढे निघूनही गेले. गाणारी मंडळी आमच्या ओळीकडे वळली, ढोलकी जवळ आली. आई खांबाला टेकून होती. कुणी ओट्याजवळून जाताना तिला सलाम करू लागलं तर ती तोंड फिरवून कंदिलाची वात नीट करी. पहिला सलाम तिने राखून ठेवला होता. मला आजही तिचं ते वात नीट करणं दिसतं. कधी कुणापुढे न वाकलेली बाई होती ती, तुमची पणजी. शेवटी हळूच म्हणाली, "गेली वाटतं."

मी घरात धावले. कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातून मागच्या दारी आले आणि थबकले. मागच्या उंबऱ्याशी, आमच्या उंबऱ्याशी, रिबेकाकाकू उभी होती. नवं पातळ, हातात मोगऱ्याची ओंजळ.

"तुझी आई निघाली नाही का गं अजून?" तिने विचारलं.

"आई पुढे उभी आहे."

"पुढे?" काकू म्हणाली. "ती तर मागून जाते!"

मी उलट पावली पळत सुटले आणि ओट्यावर येऊन जीव खाऊन ओरडले, "आई, ती इथे नाहीये! ती मागे उभी आहे!" ढोलकी थांबली. पहाटे कबरीशी गेलेल्या बायकांना दूताने काय सांगितलं, हे आमच्या कंपाउंडच्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. ज्याला शोधायला आलात तो इथे नाही, असंच त्याने सांगितलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही, पण मंडळीच्या आलं. पुढे कित्येक वर्षं मला "देवदूत आला" म्हणून चिडवत.

आई आत वळली. काकू तोवर आमचा उंबरा ओलांडून आत आली होती. दोघी मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीजवळ समोरासमोर आल्या. आता बोलतील, असं वाटून मी आणि काकूच्या मागोमाग आत आलेली लिली कोठीला टेकून उभ्या राहिलो. काकूने तोंड उघडलं आणि म्हणाली,

"अक्का, गहू ओलवलेत का?"

मांड्यांचे गहू आधी ओलवून मग दळावे लागतात, तेव्हा पीठ तसं मऊ निघतं. शनिवारी मला दोनदा गिरणीत का पिटाळलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून झाले, कालच," आई म्हणाली. "खापर कुठे बांधलंयस? पोत्यात?"

"पोतं काल रात्रीच उसवलं. धुऊन पालथं घातलंय."

"जाळाला लाकडं?"

"शेवग्याची नाही घेतली. बाभळीची आणलीत."

"मग चल," आई म्हणाली. तिने काकूच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि पिन नीट लावली, जशी माझी लावायची. "अशी जाणार होतीस का चर्चला?"

त्या सकाळी आम्ही सगळे गात दफनभूमीत गेलो. केळीच्या बागांतून ओला गारवा येत होता आणि पूर्वेकडून हळूहळू उजेड सातपुड्यावर चढत होता. पाळकसाहेबांचा उपदेश मला आठवत नाही. आठवतं ते हे की दोघींनी काकूच्या ओंजळीतला मोगरा आजीच्या कबरीवर मिळून ठेवला, आणि दुपारी आमच्या मागच्या अंगणात खापर तापलं. तीन वर्षांनी पहिला मांडा आईच्या कोपरापर्यंत पसरला आणि खापरावर उतरताना फाटला. दुसराही फाटला. काकू जाळ मागे ओढत म्हणाली, "हात विसरले वाटतं." आई म्हणाली, "जाळ विसरलाय आधी." दोघी हसल्या, आणि तिसऱ्यापासून मांडे उतरू लागले. आम्ही ते दूध-तूप घालून खाल्ले, कटाच्या रशीबरोबर खाल्ले, नुसतेही खाल्ले. आबांना दोघींनी मिळून ताट वाढलं.

एक गोष्ट मी तेव्हाच टिपून ठेवली होती. त्या रविवारी त्या दोघींनी एकमेकींना ईस्टरचा सलाम केलाच नाही. सगळ्यांना केला, एकमेकींना नाही. पुढे मोठी झाल्यावर मी आईला त्याबद्दल विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "केला होता की, शनिवारी. एकदा केलेला पुन्हा कशाला?"

देवविद्येची पुस्तकं मी पुष्कळ वाचली. पुनरुत्थानावर चांगले चांगले उपदेश ऐकले, रविवारच्या शाळेत मुलांना काही सांगितलेही. त्या सगळ्यांविषयी मला आदर आहे. पण ईस्टरचा आनंद म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मला तो शनिवार आठवतो. आपली तयारी झालेली नसते, केस विंचरलेले नसतात, वारही अजून यायचा असतो, आणि बातमी दाराशी येऊन उभी राहते. ती आपल्या पुण्याईने आलेली नसते, आपण बोलावलेली तर नसतेच. ती खरी आहे हे आपल्याला मागाहून पटतं, आणि मग आपण गहू ओलवायला घेतो. माझ्या आयुष्यात देवाची कृपा बहुतेक वेळा अशीच आली. तुमचे आजोबा गेले त्यानंतरच्या ईस्टरलाही ती आली. मी तयार नव्हते. तरी ती थांबली नाही, याबद्दल मी रोज उपकार मानते.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे एसटी स्टँडवर गेलो. पोती टपावर चढली, काका पुढच्या बाकावर बसले, लिली खिडकीशी. काकू तिच्या शेजारी बसली आणि आई खाली उभी राहून खिडकीतून बोलू लागली. तीन वर्षांचं बोलणं होतं ते. कुणाचं लग्न जमलं आणि कसं मोडलं, आजीच्या शेवटच्या दिवसांत कोण काय म्हणालं, लिलीच्या दम्याला कुठलं औषध लागू पडतं, धुळ्याला पाणी कसं आहे. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आई गाडीबरोबर चालायला लागली. कंडक्टर दारातून ओरडला, "बाई, येता की राहता? एक काय ते ठरवा!" आणि माझी शिस्तीची, कडक आई, पायात घरातल्या चपला आणि डोक्यावरून घसरलेला पदर, अशी गाडीत चढली. बाबा "अगं, अगं" म्हणत राहिले. गाडी वळणाआड गेली.

ती परत आली दुपारी चार वाजता, जळगावहून उलट गाडीने. उन्हाने चेहरा लाल झाला होता. लिलीने पुढे पत्रात कळवलं, तापीचा पूल आला तेव्हा दोघी रडत होत्या आणि पूल संपला तेव्हा हसत होत्या, मधलं तिला कळलं नाही. बाबांनी तोपर्यंत कालचे मांडे दुधात भिजवून आम्हांला वाढले होते. आई मोरीत जाऊन पायांवर पाणी घेत होती. बाबांनी दारातून विचारलं, "झालं का बोलून?"

"कुठलं!" आई म्हणाली. "आत्ता कुठे अर्धं झालंय."